घुबडाचा पत्ता

गेल्या पावसाळ्याच्या तोंडाला मी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नवरंगाचा एक फोटो टाकला. खाली लिहिलं, "पुण्याजवळ, जून." एवढंच. लगेच भाच्याचा प्रश्न आला, "मावशी, नक्की कुठे?" मी उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा, "मावशी, जागा सांगायला काय पैसे पडतात का?" त्यावर सुनांनी, नातवंडांनी हसण्याची चित्रं टाकली. एका जुन्या विद्यार्थ्याला फोटो पाठवला होता, त्यानेही फोन केला. तो जरा अदबीने म्हणाला, "बाई, तुम्हीच आम्हाला शिकवलंत की ज्ञान वाटल्याने वाढतं. मग आता हात आखडता का?"

दोघांना एकदाच उत्तर देते. हो, जागा सांगायला पैसे पडतात. फक्त ते सांगणाऱ्याला लगेच मोजावे लागत नाहीत, म्हणून फुकट वाटतं.

मंडळी, मी तेहेतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. अक्षांश-रेखांश हा माझ्या आवडीचा धडा. पृथ्वीगोल टेबलावर ठेवायचा, एका मुलाने आकडे सांगायचे आणि दुसऱ्याने बोट ठेवून गाव ओळखायचं. "अठरा पूर्णांक पाच उत्तर, त्र्याहत्तर पूर्णांक नऊ पूर्व" म्हटलं की अख्खा वर्ग ओरडायचा, "पुणे!" आयुष्यभर मी पोरांना सांगितलं, जागा नीट सांगायला शिका. आता सत्तरीत "जागा नीट सांगू नका" म्हणायची वेळ आली. दैवाची थट्टा म्हणतात ती हीच असावी.

पण त्या वेळच्या आणि आताच्या आकड्यांत फरक आहे. तो फळ्यावर लिहावा तसा लिहिते. अंशाच्या दशांश चिन्हापुढे एक आकडा दिला, तर साधारण अकरा किलोमीटरचा अंदाज येतो. म्हणजे गाव कळलं. दोन आकडे दिले तर एक किलोमीटर, म्हणजे पेठ कळली. तीन दिले तर एकशेदहा मीटर, गल्ली कळली. चार दिले तर अकरा मीटर, घर कळलं. पाच दिले तर एक मीटर, म्हणजे गॅलरीतली खुर्ची कळली. आमच्या वेळी एका आकड्यावर वर्ग खूश असायचा. आता खिशातला फोन प्रत्येक फोटोमागे पाच-सहा आकडे गुपचूप लिहून ठेवतो. प्रत्यक्षात त्यात काही मीटर इकडेतिकडे होतात, पण कोणाचं घर शोधायला तेवढं पुरेसं असतं.

हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. मी स्वतः माती खाल्ली तेव्हा कळलं. तेही सांगून टाकते.

२०१९ सालची गोष्ट. आमच्या सोसायटीच्या मागच्या बाजूला पाण्याच्या टाकीखाली एक कपार आहे. तिथे गव्हाणी घुबडाची जोडी राहायला आली आणि पुढे तीन पिल्लं दिसायला लागली. बदामाच्या आकाराची पांढरी तोंडं एका ओळीत! मी हरखून गेले. पक्षीप्रेमींच्या एका ऑनलाइन ग्रुपवर फोटो टाकला आणि सोबत चांगला पानभर मजकूर लिहिला. सोसायटीचं नाव, गल्ली, टाकी कुठल्या बाजूला, सगळं. वर असंही लिहिलं की, आमच्या मागच्या गॅलरीतून ती सरळ दिसतात, रोज संध्याकाळी सात वाजता मी चहा घेऊन तिथे बसते, ह्यांच्या पश्चात संध्याकाळ खायला उठायची, आता ही सोबत मिळाली.

शंभरावर लोकांना ते आवडलं. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

पुढच्या रविवारी सहा-सात जण मोठे कॅमेरे घेऊन हजर. पोरं वाईट नव्हती, "आजी, आजी" करत होती. पण अंधार पडल्यावर त्यांनी कपारीवर विजेरीचे झोत मारले. एकाने फोनवर घुबडाचा आवाज लावला, म्हणजे आई बाहेर येईल. ती आलीही, आणि कावरीबावरी होऊन समोरच्या झाडावर बसून राहिली. पिल्लं उपाशी फिसफिसत होती. त्यानंतर दर शनिवार-रविवार हेच. मी मजकूर काढून टाकला, पण तोवर तो इकडून तिकडे गेलेला होता.

दसऱ्यानंतर एक माणूस आला. त्याच्याकडे कॅमेरा नव्हता. त्याने वॉचमनला दोन प्रश्न विचारले. पहिला, घुबडं अजून आहेत का? दुसरा, मागच्या गॅलरीतल्या आजी एकट्याच असतात का?

वॉचमन शहाणा. "त्यांची पोरं, सुना, सगळी इथंच राहतात," असं ठोकून दिलं आणि त्याला गेटाबाहेर काढलं. पुढे काही झालं नाही. दिवाळीच्या आधी कपार रिकामी झाली. पिल्लं वाढलेली होती, उडून गेली असणार. मी तसंच समजते. दुसरं काही समजायचं धाडस होत नाही. कारण लक्ष्मीचं वाहन म्हणून ज्याचं चित्र आपण पाहतो, त्याचाच अमावास्येला बळी देणारे लोक याच देशात आहेत. घुबड पकडणं-विकणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, तरी बाजार चालतो. ‘ट्रॅफिक’ या संस्थेने २०१० साली घुबडांच्या चोरट्या व्यापारावर एक अहवालच काढला होता.

त्या माणसाचे दोन प्रश्न माझ्या डोक्यातून अजून गेलेले नाहीत. मी माझ्या समजुतीप्रमाणे घुबडाचा पत्ता दिला होता. खरं तर मी दोन पत्ते दिले होते. घुबड कुठे राहतं हा एक. ते पाहणारी म्हातारी कुठे राहते, किती वाजता कुठे बसते आणि घरात कोण नसतं, हा दुसरा. नकाशावर टाचणी एकच असते, पण ती दोघांना टोचते. पाहिलेल्याला आणि पाहणाऱ्यालाही.

जनावराच्या बाजूने बोलणारे आता पुष्कळ आहेत. पाहणाऱ्या माणसाचं मात्र कोणी बोलत नाही, म्हणून मी बोलते. टेकडीवर रोज सकाळी फिरायला जाणाऱ्या माझ्या मैत्रिणी आहेत. मोर दिसला की फोटो, वेळ आणि जागा लगेच जगजाहीर. एका दिवसाचं काही बिघडत नाही. पण तीन महिन्यांचे फोटो ओळीने लावून पाहा. बाई सव्वासहाला घर सोडते, कुठल्या पायवाटेने एकटी चढते, कधी परतते आणि कुठल्या आठवड्यात मुलीकडे गावाला गेली होती, सगळं तारीखवार मिळतं. आपण मोराची नोंद ठेवत असतो आणि आपली रोजनिशी भलत्याच्या हातात पडते. जानेवारी २०१८ मध्ये जगाने हे पाहिलं. स्ट्रावा नावाचं धावण्या-सायकलीच्या नोंदींचं ॲप आहे. त्याने जगभरच्या लोकांच्या वाटा एका नकाशावर दाखवल्या. सैनिकांच्या रोजच्या धावण्याच्या रेघा अफगाणिस्तान-सीरियाच्या ओसाड वाळवंटात चमकू लागल्या आणि लष्करी तळांचे आराखडे उघडे पडले. धडधाकट, बंदूकधारी माणसांची ही गत, तर आपण कोण?

"बाई, तुम्ही फार घाबरता. एवढा उपद्व्याप कोण करतंय?" असं तो विद्यार्थी म्हणाला. त्याला एक गोष्ट सांगितली, तुम्हालाही सांगते, कारण ती आपल्या पुण्याची आहे.

मध्य प्रदेशातल्या पन्ना व्याघ्र प्रकल्पात २००९ पर्यंत एकही वाघ उरला नव्हता. मग बाहेरून वाघ आणून तिथली वस्ती नव्याने उभी केली. त्यातल्या ‘पन्ना-२११’ नावाच्या तरुण नराच्या गळ्यात २०१३ च्या फेब्रुवारीत उपग्रहाशी जोडलेला पट्टा घातला. तो पट्टा ठरावीक तासांनी वाघाची जागा कळवायचा आणि ती माहिती ईमेलने यायची. डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेतले शास्त्रज्ञ के. रमेश हे काम पाहत होते. त्या वर्षीच्या जुलैमध्ये त्यांच्या ईमेल खात्यात शिरायचा कोणीतरी प्रयत्न केला. कुठून? पुण्यातून! हजार किलोमीटर लांबून. सर्व्हरने तो प्रयत्न अडवला, आणि आत शिरता आलं असतं तरी माहिती सांकेतिक आकड्यांत होती, ती सहज वाचता आली नसती. ‘सायबर शिकार’ हा शब्द तेव्हा वर्तमानपत्रांत आला.

तो माणूस कोण होता, त्याच्या मनात काय होतं, ते सोडा. विचार एवढाच करा की वाघाच्या जागेसाठी तिथे कुलूप फोडावं लागत होतं. आपल्याकडे कुलूपच नाही. आपण दार सताड उघडं टाकतो, वर तोरण लावतो, आणि कोणी आत आलं की आश्चर्य करतो.

प्रत्येक वेळी शिकारीच येतो असंही नाही. नुसत्या हौसेनेही जीव जातो. ९ डिसेंबर २०२० ची सकाळ कोथरूडकर विसरले नसतील. महात्मा सोसायटीच्या भागात एक गवा शिरला. बातमी फोनाफोनी पसरली आणि बघ्यांची झुंबड उडाली. काही तास तो बिचारा गल्ल्यांतून, भिंतींना धडका देत धावत राहिला. शेवटी त्याला भूल देऊन पकडलं, आणि तो मेला. शहर हळहळलं. पण हळहळणाऱ्यांपैकी कितीजण सकाळी तिथे फोन उंच धरून उभे होते, ते ज्याचं त्याला ठाऊक. दोनच आठवड्यांत, २२ डिसेंबरला, बावधनजवळ दुसरा गवा आला. या वेळी गर्दीला लांब ठेवलं, वाट मोकळी ठेवली आणि तो जंगलाकडे परत गेला. दोन्ही गवेच. फरक माणसांच्या अंतराचा.

धडा शिकलो म्हणावं, तर ३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात पर्यटकांच्या जिप्सींनी एक वाघीण आणि तिचे पाच बछडे रस्त्यात दोन्ही बाजूंनी कोंडले. त्याची चित्रफीत सगळीकडे फिरली आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने आपणहून दखल घेतली. जंगलात "इथे आहे, या!" हा निरोप आता क्षणात पोचतो. जनावराला पळायला मात्र तेवढाच रस्ता असतो.

आता दुसरी बाजू. वादात समोरच्याचा मुद्दा नीट मांडून मग खोडावा, हे मी वक्तृत्वस्पर्धेत मुलांना शिकवायची, तर स्वतःही पाळते.

पहिला आक्षेप असा की, सगळे पत्ते लपवले तर जागा वाचवायच्या कशा? हा मुद्दा बिनतोड आहे. वेताळ टेकडी रस्त्या-बोगद्यांपासून वाचावी म्हणून २०२३ साली पुणेकर रस्त्यावर उतरले, तेव्हा टेकडीवर काय काय जगतं याच्या नोंदीच त्यांच्या कामाच्या होत्या. आंबोलीला हिरण्यकेशीच्या उगमाजवळच्या कुंडात २०२० साली माशाची नवी जात जाहीर झाली. तिला नदीचंच नाव दिलं, जागा उघड सांगितली, आणि २०२१ साली सरकारने ती जागा जैवविविधता वारसा स्थळ ठरवली. तिथे सांगितल्यानेच राखण झाली. मान्य. पण त्या कुंडाला देवळाची राखण होती, गावाचं लक्ष होतं, मागे शास्त्रज्ञ उभे होते. माझ्या टाकीखालच्या घुबडाला कोण होतं? एक वॉचमन.

आणि नोंद करू नका असं मी कुठे म्हणते? जरूर करा. फक्त चावडीवर दवंडी पिटणं आणि तलाठ्याच्या दप्तरात नोंद करणं यात फरक आहे. आयनॅचरलिस्टवर जागा ‘धूसर’ करायची सोय आहे. खरी जागा दप्तरात राहते, पण लोकांना अंशाच्या दोन दशांशाचा चौकोन दिसतो. आपल्याकडे तो साधारण बावीस किलोमीटर गुणिले एकवीस किलोमीटर भरतो. त्यात जवळजवळ अख्खं पुणं मावेल! तारखेऐवजीही नुसता महिना दिसतो. ईबर्डवर ज्या पक्ष्यांना धोका आहे त्यांची यादी केली आहे. त्यांची जागा आपोआप चारशे चौरस किलोमीटरच्या चौकटीत झाकली जाते. आपलं नाव न दाखवता नोंद करायचीही सोय आहे. ज्याला अभ्यास करायचा आहे, तो रीतसर माहिती मागू शकतो. ज्याला फक्त फोटो मारायचा आहे, तो थोडा हिंडेल. हिंडू दे.

दुसरा आक्षेप: जागा लपवणं म्हणजे खोटं बोलणं नाही का? नाही. कमी सांगणं वेगळं आणि खोटं सांगणं वेगळं. खोट्या पत्त्याने काय होतं हे आपल्या रानपिंगळ्याला विचारा. हा पक्षी सन १८८४ नंतर कोणाला खात्रीने मिळाला नव्हता. रिचर्ड माइनर्ट्झहागेन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने मात्र दावा केला की त्याने १९१४ साली गुजरातेत मांडवीला तो मिळवला. पुढे पामेला रासमुसेन यांनी उघडकीला आणलं की तो नमुना संग्रहालयातून चोरलेला होता आणि त्याच्यावरची चिठ्ठी बनावट होती. त्या खोट्या चिठ्ठीमुळे शोधणारे भलतीकडेच शोधत राहिले. रासमुसेन आणि त्यांच्या सोबत्यांनी ती बाजूला ठेवून जुन्या खऱ्या चिठ्ठ्यांचा माग काढला आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये आपल्या शहाद्याजवळ रानपिंगळा जिवंत सापडला! तेव्हा दप्तरात खरंच लिहा, अगदी काटेकोर लिहा. चारचौघांत "पुण्याजवळ" म्हणा. दोन्ही खरंच आहे.

तिसरा आक्षेप माझ्या भाच्याचा. "मावशी, आता कायदा आहे की! खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे." बरोबर आहे. निवृत्त न्यायाधीश के. एस. पुट्टस्वामी यांच्या याचिकेवर २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी तसा निकाल दिला. २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदाही झाला. पण बाळा, त्या कायद्यातच लिहिलंय की जी माहिती माणसाने स्वतःच जाहीर केली, तिला तो लागू नाही. कंपनीने माझा पत्ता फोडला तर मी भांडू शकते. मीच गॅलरी, खुर्ची आणि सात वाजताचा चहा सांगत सुटले, तर कोणाशी भांडू?

राहता राहिला "ज्ञान वाटल्याने वाढतं" हा मुद्दा. वाढतं. नवरंग कसा दिसतो, काय खातो, पावसाळ्याबरोबर का येतो, घरटं कसं बांधतो, हे सगळं ज्ञान आहे आणि ते मी विचारेल त्याला तासभर सांगेन. त्याचं घरटं कुठल्या झाडाच्या कुठल्या फांदीवर आहे, हे ज्ञान नाही. तो पत्ता आहे. शेजारणीच्या मुलीची हुशारी मी चारचौघांत सांगते, म्हणून ती कॉलेजातून कुठल्या रस्त्याने घरी येते हेही सांगत सुटते का?

मी आता काय पाळते ते लिहून ठेवते. पटलं तर घ्या.

फोनच्या कॅमेऱ्यातली जागेची नोंद मी बंद करून टाकली आहे. नातवाने दोन मिनिटांत करून दिली. व्हॉट्सॲपवर फोटो साधा पाठवला तर आतली जागा गळून जाते, पण ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर तशीच जाते. हे मला फार उशिरा कळलं.

दिसलं की लगेच टाकत नाही. घरटं असेल तर पिल्लं उडून गेल्यावर टाकते, आणि मी स्वतः घरी परतल्यावर टाकते.

फोटोच्या मागे पाटी, गेट, देऊळ, इमारतीचा नंबर दिसतो का ते पाहते. आकडे लपवून उपयोग काय, मागे सोसायटीचं नाव ठळक अक्षरांत असेल तर?

घराच्या गॅलरीतून दिसलेल्याला "पुणे" म्हणते. सोबत कोणी असेल तर त्याला विचारल्याशिवाय त्याचं नाव लिहीत नाही. आपला पत्ता झाकणं आपल्या हातात आहे, दुसऱ्याचा उघडा करायचा आपल्याला हक्क नाही.

आणि कोणी "नक्की कुठे?" विचारलं, तर रागावत नाही. "ये, एकत्र जाऊ," म्हणते. येणारे फार थोडे निघतात, हा माझा अनुभव.

भाच्यालाही तेच म्हटलं. तो आला. पहाटे साडेपाचला निघालो, माझ्या गुडघ्यांच्या वेगाने चाललो, तासभर एका जागी गप्प बसलो. नवरंग दिसला, अगदी दहा पावलांवर, ओल्या पाचोळ्यात टुणटुण उड्या मारताना. पोराने फोन काढला, फोटो घेतला. मग माझ्याकडे बघून विचारलं, "मावशी, खाली काय लिहू?"

मी म्हटलं, "लिही, मावशीबरोबर."